लिनक्सवर देखभालीची कामं वेळापत्रकाला लावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तरं डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि रेड हॅट घराण्यातल्या मशीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. कमांड, फाइलींची नावं आणि आकडे इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीतच टाइप करायचे. क्रॉनला, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, देवनागरी आकडे कळत नाहीत.

१. नियमित देखभाल म्हणजे नेमकी कोणती कामं? ती सगळी मलाच लावावी लागतात का?

नाही, अर्ध्याहून जास्त कामं मशीनवर आधीच लावलेली असतात. नवं काही लावण्याआधी "सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स" चालवून पाहा. लॉगच्या जुन्या फाइली गुंडाळणारा लॉगरोटेट, तात्पुरत्या फाइली झाडणारा सिस्टमडी-टेम्पफाइल्स-क्लीन, एसएसडीला ट्रिम करणारा (कोणती जागा मोकळी झाली ते तिला कळवणारा) एफएसट्रिम, आणि डेबियन-उबुंटूवर अपडेट आणणारे एपीटी-डेली नि एपीटी-डेली-अपग्रेड ही मंडळी बहुधा तिथे दिसतील. प्रत्येकाच्या ओळीत तो मागे कधी चालला आणि पुढे कधी चालणार हेही असतं.

तुम्हाला लावायची उरतात ती तुमच्या माहितीशी संबंधित कामं: बॅकअप, डेटाबेसचा डंप (सगळ्या माहितीची फाइलमध्ये काढलेली प्रत), डिस्कची तपासणी, जुने बॅकअप काढून टाकणं. बॅकअप कोणतीही लिनक्स आपणहून घेत नाही.

२. क्रॉन, अ‍ॅनाक्रॉन, सिस्टमडी टायमर: यातलं कोणतं वापरू?

चोवीस तास चालू असलेला सर्व्हर आणि एका ओळीचं काम असेल, तर क्रॉन. मशीन रोज बंद होत असेल, किंवा काम फसलं की ते कळायलाच हवं असेल, तर सिस्टमडीचा (मशीनवरच्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा) टायमर. अ‍ॅनाक्रॉन मधला: तो वाजलेले तास बघत नाही, "शेवटचं चालून किती दिवस झाले" एवढंच बघतो.

डेबियनचा क्रॉन पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या क्रॉनवरून आला आहे. फेडोरा आणि रेड हॅट त्याचीच क्रोनी नावाची शाखा वापरतात. म्हणून ओळीचं व्याकरण दोन्हीकडे एकच असलं तरी बारीकसारीक फरक आहेत, ते पुढे त्या त्या जागी येतील. आर्च लिनक्सवर सुरुवातीला क्रॉन नसतोच, वेगळा बसवावा लागतो.

एकाच मशीनवर निम्मी कामं क्रॉनमध्ये आणि निम्मी टायमरमध्ये असली तरी तांत्रिक अडचण काही नाही. वर्षभराने मशीन हाती घेणाऱ्या माणसाला मात्र दोन ठिकाणी शोधावं लागतं. शक्यतो एकच पद्धत धरा.

३. क्रॉनची ओळ कशी वाचायची?

डावीकडून पाच रकाने: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. त्यानंतर कमांड.

`३० २ * * * /यूएसआर/लोकल/बिन/बॅकअप`

म्हणजे रोज पहाटे २:३०. वार ० ते ७ असे मोजतात, ० आणि ७ दोन्ही रविवार. "१-५" म्हणजे सोमवार ते शुक्रवार, "१,१५" म्हणजे १ आणि १५ तारीख, मिनिटाच्या रकान्यात "*/१०" म्हणजे दर दहा मिनिटांनी.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे "* २ * * *". हे दोन वाजता एकदा चालत नाही. २:०० ते २:५९ दर मिनिटाला, साठ वेळा चालतं. मिनिटाच्या रकान्यात स्टार असेल तर तो खरंच हवा आहे का हे स्वतःला विचारा.

४. "क्रॉनटॅब -ई", "सूडो क्रॉनटॅब -ई" आणि ईटीसीमधली क्रॉनटॅब फाइल यांत फरक काय?

पहिली तुमच्या नावाने चालते, दुसरी रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याच्या, नावाने. तिसरी, म्हणजे "/ईटीसी/क्रॉनटॅब" आणि "/ईटीसी/क्रॉन.डी" या फोल्डरमधल्या फाइली, यांत वारानंतर सहावा रकाना असतो: कुणाच्या नावाने चालवायचं ते. तो विसरला तर क्रॉन तुमच्या कमांडचा पहिला शब्दच वापरकर्त्याचं नाव समजतो. उलट, रूटच्या क्रॉनटॅबमध्ये कुणी सवयीने "रूट" असं लिहिलं, तर त्या नावाची कमांड शोधली जाते आणि "सापडली नाही" असं उत्तर येतं.

सर्व्हरवर आम्ही क्रॉन.डी सुचवतो. प्रत्येक कामाची वेगळी फाइल राहते, तिची नक्कल ठेवता येते, आणि प्रश्न २० मधला अपघात तिथे होत नाही. फाइलची मालकी रूटची हवी आणि इतर कुणाला तिच्यात लिहायची परवानगी नको; नाहीतर डेबियनचा क्रॉन ती बाजूला ठेवतो.

५. स्क्रिप्ट हाताने चालवली की नीट चालते, क्रॉनमधून चालत नाही. असं का?

आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न. कारणं या क्रमाने तपासा.

पाथ, म्हणजे कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायची त्याची यादी. तुम्ही लॉगिन करता तेव्हा शेल (तुमच्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) तुमच्या सेटिंगच्या फाइली वाचून लांबलचक पाथ तयार करतं. क्रॉन त्या वाचत नाही. डेबियनमध्ये वापरकर्त्याच्या क्रॉनटॅबला फक्त "/यूएसआर/बिन" आणि "/बिन" मिळतात. त्यामुळे "/यूएसआर/लोकल/बिन" किंवा "/एसबिन" मधली कमांड सापडत नाही. एकतर कमांडचा पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर क्रॉनटॅबच्या वरच्या भागात पाथ स्वतः द्या. तिथे डॉलरचं चिन्ह वापरून जुन्या पाथला जोड देता येत नाही. क्रॉन ते उलगडत नाही, पूर्ण यादीच लिहावी लागते.

शेल. क्रॉन ओळ "/बिन/एसएच" ने चालवतो आणि डेबियन-उबुंटूवर ते बॅश नसून डॅश असतं. दुहेरी चौकटी कंसांच्या अटी किंवा अ‍ॅरे तिथे चालत नाहीत. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅशचा पत्ता द्या.

टक्के चिन्ह. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचा अर्थ "इथे ओळ संपली" असा होतो, आणि पुढचा मजकूर कमांडला इनपुट म्हणून जातो. फाइलच्या नावात तारीख घालणारे सगळे इथे एकदा तरी ठेचकाळतात. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या: `डेट +\%एफ`. किंवा सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये लिहा, तिथे हा नियम लागू नाही.

चालू फोल्डर. काम होम फोल्डरमधून सुरू होतं, स्क्रिप्ट जिथे ठेवली आहे तिथून नाही.

सूडो. पासवर्ड विचारायला समोर कुणी नसतं. रूटचं काम रूटच्याच क्रॉनटॅबमध्ये लावा.

शेवटची ओळ. तिच्यापुढे एन्टर दिलेला नसेल तर ती अपुरी मानली जाते.

अंदाज करत बसण्यापेक्षा क्रॉनचं वातावरण स्वतः पाहा: `* * * * * एन्व्ह > /टेम्प/क्रॉन-एन्व्ह` ही ओळ एक मिनिट ठेवा, फाइल वाचा, ओळ काढा. फरक लगेच दिसतो.

६. काम झालं की नाही हे कसं कळणार?

लॉगमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. क्रॉनचा लॉग फक्त "अमुक कमांड सुरू केली" एवढंच सांगतो; ती यशस्वी झाली का, हे नाही. तो डेबियन-उबुंटूवर "जर्नलसीटीएल -यू क्रॉन" ने दिसतो, फेडोरा-रेड हॅटवर सेवेचं नाव क्रॉनडी आहे.

कमांडने छापलेला मजकूर क्रॉन मेलने पाठवतो. मशीनवर मेल पाठवणारा प्रोग्रॅम नसेल तर तो मजकूर फेकून दिला जातो, आणि लॉगमध्ये एमटीए (मेल पाठवणारा प्रोग्रॅम) बसवलेला नाही, आउटपुट टाकून दिलं अशा अर्थाची ओळ येते. ती दिसली की समजा, आजवरच्या सगळ्या तक्रारी हवेत गेल्या. कमीत कमी एवढं करा:

`३० २ * * * /यूएसआर/लोकल/बिन/बॅकअप >> /वार/लॉग/बॅकअप.लॉग २>&१`

शेवटचं "२>&१" विसरलं तर नेमके चुकांचे संदेशच फाइलमध्ये येत नाहीत. "/डेव्ह/नल" कडे सगळं ढकलायची सवय मात्र सोडा. इंटरनेटवरच्या उदाहरणांतून ती पसरली आहे, आणि त्यामुळे बिघाड महिनोन्महिने झाकलेला राहतो.

सर्वांत भरवशाची पद्धत उलटी आहे: काम यशस्वी झालं तरच स्क्रिप्टने शेवटी एका फाइलला "टच" करावं, आणि दुसऱ्या मशीनने ती फाइल २६ तासांपेक्षा जुनी झाली तर ओरडावं. मशीनच बंद पडली तर ती "मी बंद पडले" असा मेल कशी पाठवणार?

७. "क्रॉन.डेली" मध्ये "बॅकअप.एसएच" ठेवली, परवानगीही दिली, तरी चालत नाही.

नावातला टिंब काढा. डेबियन-उबुंटूवर या फोल्डरमधल्या, म्हणजे रोज चालवायच्या, फाइली रन-पार्ट्स नावाचा प्रोग्रॅम चालवतो, आणि तो फक्त अक्षरं, आकडे, अधोरेखा आणि जोडरेघ असलेली नावं घेतो. "बॅकअप" चालेल, "बॅकअप.एसएच" गुपचूप वगळली जाईल. चूकही दाखवली जात नाही. "रन-पार्ट्स --टेस्ट /ईटीसी/क्रॉन.डेली" चालवलं की कोणत्या फाइली धरल्या जातील त्यांची यादी येते. क्रॉन.डी मधल्या फाइलींनाही डेबियनवर हाच नियम आहे.

क्रॉन.डेली किती वाजता चालतं? अ‍ॅनाक्रॉन नसलेल्या डेबियनवर सकाळी ६:२५, आठवड्याचं रविवारी ६:४७, महिन्याचं १ तारखेला ६:५२.

८. आमच्या शाळेच्या लॅबमधले संगणक संध्याकाळी बंद होतात. रात्री दोनचं काम कधी होणार?

क्रॉनने लावलं असेल तर कधीच नाही. चुकलेली वेळ क्रॉन लक्षात ठेवत नाही. हीच गत गुरुवारी सुटी असलेल्या कारखान्यातल्या मशीनची: गुरुवारचं साप्ताहिक काम वर्षभर होत नाही आणि लॉगमध्ये चूकही दिसत नाही.

दोन उपाय आहेत. पहिला अ‍ॅनाक्रॉन. उबुंटू डेस्कटॉपवर तो सहसा असतोच. स्क्रिप्ट क्रॉन.डेलीत टाकली की झालं. मशीन सुरू झाल्यावर तो "/वार/स्पूल/अ‍ॅनाक्रॉन" मधली तारीख बघतो आणि रोजचं काम राहिलं असेल तर पाच मिनिटं थांबून चालवतो. रेड हॅटवर याशिवाय ४५ मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक उशीर आणि पहाटे ३ ते रात्री १० अशी मर्यादा असते. अ‍ॅनाक्रॉनला दिवसापेक्षा लहान हिशेब येत नाही.

दुसरा उपाय टायमरमध्ये "परसिस्टंट=ट्रू", जो प्रश्न ९ मध्ये आहे. मशीन पाच दिवस बंद असली तरी चुकलेलं काम एकदाच चालतं, पाचदा नाही.

लॅपटॉपसाठी एक अडचण: डेबियन-उबुंटूचा अ‍ॅनाक्रॉन बॅटरीवर चालू होत नाही, चार्जर लावलेला लागतो. वर्गात नेहमी बॅटरीवरच वापरल्या जाणाऱ्या लॅपटॉपवर कामं साचत जातात ती यामुळे.

झोपवलेल्या मशीनला क्रॉन उठवत नाही. टायमरमध्ये "वेकसिस्टम=ट्रू" देता येतं, पण हार्डवेअरची साथ हवी. आधी एकदा समोर बसून तपासा.

९. सिस्टमडी टायमर कसा बनवायचा?

दोन फाइली, "/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम" या फोल्डरमध्ये. काय करायचं ते "बॅकअप.सर्व्हिस" मध्ये:

`[युनिट]`
`डिस्क्रिप्शन=रात्रीचा बॅकअप`
`[सर्व्हिस]`
`टाइप=वनशॉट`
`एक्झेकस्टार्ट=/यूएसआर/लोकल/बिन/बॅकअप`

कधी करायचं ते "बॅकअप.टायमर" मध्ये:

`[टायमर]`
`ऑनकॅलेंडर=*-*-* ०२:३०:००`
`परसिस्टंट=ट्रू`
`[इन्स्टॉल]`
`वाँटेडबाय=टायमर्स.टार्गेट`

मग क्रमाने: "सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड", "सिस्टमसीटीएल स्टार्ट बॅकअप.सर्व्हिस" करून एकदा हाताने चाचणी, आणि शेवटी "सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ बॅकअप.टायमर". ही हाताने चाचणी क्रॉनपेक्षा टायमरचा खरा फायदा आहे, कारण वेळ झाल्यावर काम ज्या वातावरणात चालणार त्याच वातावरणात ते आता चालतं. प्रश्न ५ मधली बरीचशी कटकट इथेच उघडी पडते. आउटपुट "जर्नलसीटीएल -यू बॅकअप" मध्ये मिळतं, आणि फसलेली कामं "सिस्टमसीटीएल --फेल्ड" मध्ये लाल दिसतात.

वेळेची नोंद बरोबर आहे का, हे "सिस्टमडी-अ‍ॅनलाइज कॅलेंडर" ला ती अवतरणात देऊन पाहा. तो पुढची तारीख-वेळ छापतो.

एक्झेकस्टार्ट म्हणजे शेल नव्हे: पाइप आणि "मोठं आहे" चं चिन्ह तिथे चालत नाही. ते स्क्रिप्टमध्ये घाला. टक्क्याला इथेही वेगळा अर्थ आहे, पण उपाय वेगळा: टक्का दोनदा लिहायचा.

परसिस्टंट फक्त ऑनकॅलेंडरला लागू होतं. "ऑनबूटसेक" किंवा "ऑनयुनिटअ‍ॅक्टिव्हसेक" सोबत लिहिलं तर त्याचा काही परिणाम होत नाही.

१०. टायमर बनवला, पण यादीत दिसत नाही किंवा भलत्याच वेळी चालतो.

बहुतेक वेळा सर्व्हिस एनेबल केलेली असते, टायमर नाही. एनेबल करायचा तो टायमर.

काम ठरलेल्या मिनिटापेक्षा थोडं उशिरा चालत असेल तर तो दोष नाही. टायमरची अचूकता मुळात एक मिनिटाची असते, "अ‍ॅक्युरसीसेक" ने ती घट्ट करता येते.

वितरणाने दिलेल्या टायमरची वेळ "सिस्टमसीटीएल एडिट" ने बदलताना आधी रिकामी "ऑनकॅलेंडर=" ओळ लिहा, मग नवी. रिकामी ओळ नसेल तर जुनी वेळ जात नाही, नवी तिच्यात मिळवली जाते, आणि काम दिवसातून दोनदा होतं.

स्वतःच्या खात्यातले "--यूजर" टायमर लॉगआउट केल्यावर थांबतात. "लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर" आणि खात्याचं नाव दिलं की ते मशीन सुरू होताच चालू राहतात.

११. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी काम चालवायचं आहे, बँकांना सुटी असते तेव्हा. क्रॉनची ओळ लिहिली, पण ती भलत्या दिवशीही चालते.

तुम्ही लिहिली असेल ती ओळ अशी: `३० २ ८-१४ * ६`. दुसरा शनिवार ८ ते १४ तारखांतच येतो, म्हणून तर्क बरोबर वाटतो. पण तारीख आणि वार दोन्ही रकाने भरले की क्रॉन त्यांना "आणि" ने नाही, "किंवा" ने जोडतो. ही ओळ ८ ते १४ पर्यंत रोज आणि शिवाय प्रत्येक शनिवारी चालते. इतर सगळे रकाने "आणि" ने जोडलेले असताना हीच जोडी वेगळी का, असा राग येतो खरा, पण नियम जुना आहे आणि बदलणार नाही.

उपाय म्हणजे एक अट रकान्यात ठेवायची आणि दुसरी कमांडमध्ये:

`३० २ ८-१४ * * [ "$(डेट +\%यू)" = ६ ] && /यूएसआर/लोकल/बिन/काम`

इथलं "यू" लहान लिपीतलं. त्यात सोमवार १ आणि शनिवार ६. डेबियनच्या झेडएफएस (एक फाइलसिस्टम) पॅकेजने दुसऱ्या रविवारच्या स्क्रबसाठी (डिस्कवरच्या माहितीच्या तपासणीसाठी) हीच युक्ती वापरली आहे: तारखा ८-१४ रकान्यात, रविवारची तपासणी कमांडमध्ये.

टायमरमध्ये हा घोळ नाही: `ऑनकॅलेंडर=सॅट *-*-०८..१४ ०२:३०:००`. तिथे वार आणि तारीख "आणि" नेच जोडले जातात.

१२. महिन्याच्या शेवटच्या दिवशी?

क्रॉनमध्ये २८ ते ३१ तारखांना चालवा आणि उद्या १ तारीख आहे का ते विचारा: `५५ २३ २८-३१ * * [ "$(डेट -डी टुमॉरो +\%डी)" = ०१ ] && काम`. टायमरमध्ये तारखेच्या जागी लाट: `*-*~०१`. नुसतं "३१" लिहिलं तर वर्षातून सातच वेळा चालेल.

१३. दर ९० मिनिटांनी किंवा दर ७ मिनिटांनी कसं लावू?

"*/७" म्हणजे दर सात मिनिटांनी नव्हे. ०, ७, १४ असं ५६ पर्यंत जातं आणि चार मिनिटांनी पुन्हा ० येतो. ६० ला नि:शेष भाग जाणारे आकडेच समान अंतर देतात. तारखेच्या रकान्यातला "*/२" सुद्धा असाच: ३१ तारखेला चालला की लगेच १ तारखेला पुन्हा.

९० मिनिटांसाठी क्रॉनमध्ये दोन ओळी लागतात: `० */३ * * *` आणि `३० १-२२/३ * * *`. टायमरमध्ये "ऑनबूटसेक=१०मिन" आणि "ऑनयुनिटअ‍ॅक्टिव्हसेक=९०मिन" पुरतं.

१४. भाड्याच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे. भारतीय वेळेनुसार काम कसं लावू?

भारतीय वेळ यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. पहाटे २:३० म्हणजे आदल्या दिवसाचे २१:००. अर्ध्या तासामुळे मिनिटांचा रकानाही बदलतो, तो बदलायला लोक विसरतात.

खरी अडचण तारखेची. "१ तारखेला पहाटे २:३०" हे यूटीसीत मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येतं, आणि तो २८, २९, ३० किंवा ३१ यांपैकी काहीही असतो. वाराचंही तेच: आपला रविवार पहाट म्हणजे तिथला शनिवार. वेळ पुढे ढकलणं परवडत असेल तर सकाळी ५:३० नंतरची धरा, मग दोन्हीकडे तारीख एकच राहते. ६:०० म्हणजे यूटीसी ००:३०.

टायमरमध्ये वेळेपुढे "एशिया/कोलकाता" लिहिलं की भागतं. क्रोनीत "क्रॉन_टीझेड" देता येतं, डेबियनच्या क्रॉनमध्ये ते चालत नाही. मशीनचं टाइमझोनच "टाइमडेटसीटीएल" ने बदललं तर क्रॉन रीस्टार्ट करा; तोवर तो जुन्याच वेळेवर चालतो.

१५. मशीन न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये आहे. घड्याळ पुढे-मागे होतं तेव्हा काय होतं?

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी २:०० नंतर थेट ३:०० वाजतात, म्हणजे त्या दिवशी २:३० येतच नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी १ ते २ हा तास दोनदा येतो. ब्रिटनमध्ये मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, आणि घोळाचा तास १ ते २ चा.

डेबियनचा क्रॉन ठरावीक वेळेची कामं अशा उडीनंतर लगेच चालवतो आणि परत आलेल्या तासात पुन्हा चालवत नाही. तुमच्या स्क्रिप्टमधला तारखांचा हिशेब मात्र तेवढा शहाणा नसतो. कामं १ ते ३ च्या बाहेर ठेवा, किंवा मशीन यूटीसीवरच ठेवा.

१६. आधीचं काम संपलं नाही तोवर दुसरं सुरू होतं आणि मशीन रडकुंडीला येते.

क्रॉन आधीचं चालू आहे का ते बघत नाही. कमांडच्या पुढे कुलूप लावा: `फ्लॉक -एन /रन/लॉक/बॅकअप.लॉक /यूएसआर/लोकल/बिन/बॅकअप`. कुलूप आधीच कुणाकडे असेल तर नवी प्रत मुकाट्याने परत जाते. प्रक्रिया मेली की कुलूप आपोआप सुटतं. स्वतः फाइल बनवून आणि शेवटी पुसून केलेल्या जुगाडात तसं होत नाही: वीज गेली तर फाइल पडून राहते आणि काम कायमचं अडतं.

टायमरला हे लागत नाही, कारण सर्व्हिस चालू असताना दुसरी प्रत सुरूच होत नाही.

१७. रोजचा बॅकअप लावला आहे. अजून काय चुकू शकतं?

पुष्कळ. तीन गोष्टी वारंवार दिसतात.

बाहेरची डिस्क जोडलेलीच नसते. मग आरसिंक (फाइलींची नक्कल करणारा प्रोग्रॅम) "/एमएनटी/बॅकअप" या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच सगळं ओततो, आणि सकाळी ती डिस्क भरलेली असते. आधी विचारा: `माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/बॅकअप || एक्झिट १`. उलट स्थिती जास्त वाईट: मूळ फोल्डरच जोडलेला नाही आणि आरसिंकला "--डिलीट" दिलेलं आहे. मग रिकाम्या मुळाशी जुळवून घेताना तो बॅकअपही रिकामा करतो. म्हणून तपासणी दोन्ही टोकांना हवी.

डेटाबेसचा डंप जीझिपला, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमला, पाइप केलेला असतो (एकाचं आउटपुट थेट दुसऱ्याला दिलेलं). डंप फसला तरी जीझिप यशस्वी होतो, आणि पाइपचा निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो. नाव, तारीख सगळं बरोबर असलेली फाइल तयार होते, आकार २० बाइट. रिकाम्या इनपुटचा जीझिप एवढाच असतो. बॅशमध्ये "सेट -ओ पाइपफेल" लिहा आणि आकारही तपासा.

जुने बॅकअप पुसणारी ओळ आंधळी असते. `फाइंड … -एमटाइम +१४ -डिलीट` ही १५ दिवस पूर्ण झालेल्या फाइली काढते. "+१४" म्हणजे १४ पेक्षा जास्त पूर्ण दिवस. डंप फसत राहिला तर ही ओळ रोज एक चांगला बॅकअप पुसते आणि पंधरवड्यानंतर हातात फक्त २० बाइटच्या फाइली उरतात. आजचा डंप यशस्वी झाला तरच पुसायचं, असं दोन कामांना बांधा.

आणि तिमाहीतून एकदा तरी बॅकअपमधून फाइल परत काढून पाहा.

१८. लॉगने डिस्क भरली. फाइल पुसली तरी जागा सुटली नाही.

फाइल उघडी ठेवून बसलेला प्रोग्रॅम जिवंत असेपर्यंत जागा सुटत नाही. "एलएसओएफ +एल१" अशा पुसलेल्या पण उघड्या फाइली दाखवतो. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट करा. पुढच्या वेळी पुसू नका, "ट्रंकेट -एस ०" वापरा.

स्वतःच्या प्रोग्रॅमचा लॉग असेल तर "/ईटीसी/लॉगरोटेट.डी" मध्ये छोटी फाइल टाका: वीकली, रोटेट ८, कॉम्प्रेस, मिसिंगओके. "लॉगरोटेट -डी" काही न बदलता काय होईल ते दाखवतो. सिस्टमडीचं जर्नल वेगळं. ते मुळात फाइलसिस्टमच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबी जागा घेतं. "जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=५००एम" ने लगेच आटोपतं, कायमसाठी जर्नलडीच्या सेटिंगमध्ये "सिस्टममॅक्सयूज" द्या.

१९. सिक्युरिटी अपडेट आपोआप लावू द्यावेत का? लॅबमधल्या तीसही मशीन एकदम इंटरनेट ओढतात.

सिक्युरिटीचे, हो. डेबियन-उबुंटूवर अनअटेंडेड-अपग्रेड्स, रेड हॅटकडे डीएनएफ-ऑटोमॅटिक. न लावलेला अपडेट हा बिघडलेल्या अपडेटपेक्षा जास्त वेळा महागात पडतो, असं आमचं मत. पण कर्नल बदलला तरी रीबूट होईपर्यंत जुनाच चालतो. "/वार/रन/रीबूट-रिक्वायर्ड" ही फाइल दिसली की रीबूट बाकी आहे. आपोआप रीबूटची वेळ अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या सेटिंगमध्ये देता येते. ती बॅकअपच्या वेळेवर ठेवू नका.

गर्दीसाठी टायमरमध्ये "रँडमाइज्डडिलेसेक" असतं. एपीटी-डेली ६ आणि १८ वाजताचा असला तरी त्यात १२ तासांपर्यंतचा यादृच्छिक उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. लॅबमध्ये मात्र सगळ्या मशीन दहाला एकदम सुरू होतात आणि राहिलेलं काम काढतात. तिथे एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी बसवा, म्हणजे तेच पॅकेज तीसदा उतरवावं लागणार नाही.

२०. "क्रॉनटॅब -ई" ऐवजी "क्रॉनटॅब -आर" दाबलं. सगळं गेलं.

हो, आणि विचारतही नाही. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत. डेबियनचा क्रॉनटॅब स्वतः जुनी प्रत ठेवत नाही, पण लॉगमध्ये चाललेल्या कमांड वेळेसकट असतात. "जर्नलसीटीएल -यू क्रॉन" मधून महिन्याभराच्या नोंदी काढून ओळी पुन्हा जुळवता येतात, वर्षातून एकदाची कामं तेवढी निसटतात. पुढे रोज "क्रॉनटॅब -एल" चा निकाल एका फाइलमध्ये साठवा, किंवा प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे क्रॉन.डी वापरा.

२१. एसएसडी आणि हार्ड डिस्कसाठी काय लावू?

एसएसडीला आठवड्यातून एकदा ट्रिम पुरे. एफएसट्रिम टायमर चालू आहे का तेवढं पाहा. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर क्रिप्टटॅबमध्ये "डिस्कार्ड" दिलेलं नसेल तर ट्रिम खालपर्यंत पोचत नाही. डिस्कच्या स्वतःच्या चाचणीसाठी स्मार्टडी: `-एस (एस/../.././०२|एल/../../६/०३)` म्हणजे रोज २ वाजता छोटी, शनिवारी ३ वाजता लांब. लांब चाचणी मोठ्या हार्ड डिस्कवर कित्येक तास चालते. बॅकअप आणि रेडची (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचाची) तपासणी त्याच रात्री लावू नका.

२२. एकदाच, आज रात्री ११ वाजता काही चालवायचं आहे.

त्यासाठी क्रॉन नको, ओळ काढायची राहून जाते आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा चालते. "अ‍ॅट २३:००" वापरा, किंवा दोन तासांनी हवं असेल तर "सिस्टमडी-रन --ऑन-अ‍ॅक्टिव्ह=२एच" आणि पुढे कमांड.

२३. काही बदललं नाही, तरी एका खात्याची सगळी क्रॉन कामं अचानक थांबली.

त्या खात्याच्या पासवर्डची मुदत संपली असेल. क्रॉन प्रत्येक कामाआधी पॅमकडून (लॉगिन आणि खाती तपासणाऱ्या यंत्रणेकडून) खातं तपासून घेतो, आणि मुदत संपलेली असेल तर काम सुरूच होत नाही. लॉगमध्ये ऑथेंटिकेशन टोकन आता वैध नाही अशा अर्थाची ओळ दिसते. "चेज -एल" आणि खात्याचं नाव दिलं की मुदत कळते. ज्या कंपन्यांत दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती असते तिथे हे नेमकं तीन महिन्यांनी घडतं. अशा कामांसाठी कुणा माणसाचं खातं वापरू नका. लॉगिन नसलेलं वेगळं सेवा-खातं बनवा आणि त्याला पासवर्डची मुदत ठेवू नका: "चेज -एम -१", यातला एम मोठ्या लिपीतला.